काबुकी नटांची जपानी छापचित्रं : घेताना, वाचताना, जपताना या चुका टाळा

तोक्योतल्या जिम्बोचो भागात जुन्या पुस्तकांची आणि छापचित्रांची दुकानं ओळीनं आहेत. तिथून आणलेला एक कागद मी दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवत होतो. "पहिल्या तोयोकुनीनं काढलेलं एका बाईचं चित्र." एवढ्याशा वाक्यात तीन चुका होत्या. ते पहिल्या तोयोकुनीचं नव्हतं. त्यात बाई नव्हती. आणि ते चित्र अख्खंही नव्हतं, तिघांतला एक तुकडा होता. दुकानदाराला बोल लावायला जागा नाही. त्यानं पाकिटावर नुसतं 'तोयोकुनी' लिहिलं होतं, 'पहिला' मी घरी आणून जोडला.

पुढे जपानला जाऊन येणारे, पुण्यात जपानी शिकणारे ओळखीचे लोक असेच कागद आणायला लागले आणि व्हॉट्सॲपवर फोटो टाकून विचारायला लागले, "हे नक्की काय आहे रे?" कागद वेगवेगळे, पण गफलती बहुतेक माझ्याच. म्हणून त्या इथे मांडतो.

आधी एवढं लक्षात घ्या की याकुशा-ए, म्हणजे काबुकी या पारंपरिक जपानी रंगभूमीवरच्या नटांची छापचित्रं, दिवाणखान्यासाठी काढलेली नव्हती. एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, नवं नाटक लागलं की आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातल्या नटांचे रंगीत कागद दुकानांत लटकायचे. सोबा नूडल्सचा वाडगा १६ मोनला (मोन हे तेव्हाचं चिल्लर नाणं) मिळायचा, आणि साधा कागदही जवळपास तेवढ्यातच यायचा. घेणारा रसिक होता. त्याला नट, घराणं, भूमिका सगळं तोंडपाठ. त्यामुळे कागदावरची माहिती त्याच्यासाठी खुणेखुणेनं लिहिलेली आहे आणि आपण मात्र थेट चेहऱ्याकडे बघत बसतो. चेहरा सगळ्यात शेवटी वाचायचा.

सही वाचली, शिक्का राहिला

तोयोकुनी हे एका माणसाचं नाव नाही. पहिला उतागावा तोयोकुनी १७६९ चा, १८२५ मध्ये गेला. नंतर त्याच्या तोयोशिगे नावाच्या शिष्यानं ते नाव घेतलं. मग १८४४ मध्ये दुसऱ्या शिष्यानं, कुनिसादानं, तेच नाव उचललं आणि स्वतःला 'दुसरा तोयोकुनी' म्हणवून घेतलं. मधल्या गुरुबंधूला त्यानं मोजलंच नाही! आज अभ्यासक कुनिसादाला तिसरा म्हणतात. म्हणजे कागदावर स्वच्छ अक्षरांत 'दुसरा' लिहिलेलं असलं तरी तो तिसरा असू शकतो. घराण्याच्या गादीवरून भांडण आपल्याला नवं नाही, फक्त इथे ते सहीत उतरलंय.

हा कुनिसादा १७८६ ते १८६५ जगला आणि मरेपर्यंत काढत राहिला. त्यानं हजारो नटचित्रं केली. त्यामुळे आज हाती येणारा 'तोयोकुनी' सहीचा कागद त्याचा असण्याचीच शक्यता जास्त. सही लांबट, वरच्या कोपऱ्यात पीळ पडलेल्या चौकटीत असेल तर संशय आणखी पक्का करा. ती चौकट उतागावा घराण्याच्या तोशिदामा खुणेची आहे.

पण सहीपेक्षा खात्रीचा साक्षीदार सहीजवळच बसलेला असतो, तो म्हणजे परवानगीचा शिक्का. एदोत चित्र छापण्याआधी कच्चं रेखाटन तपासून घ्यावं लागे, आणि परवानगीची खूण छपाईच्या लाकडी ठोकळ्यातच कोरली जाई. या खुणेची पद्धत सरकार दर काही वर्षांनी बदलत राहिलं. ते आपल्या पथ्यावर पडलंय.

साधारण १७९० पासून १८४२ पर्यंत 'किवामे' या एकाच अक्षराचा छोटा गोल शिक्का चालला. मग तपासणी नानुशींकडे गेली. नानुशी म्हणजे पेठेचे पाटील म्हणा. सुरुवातीला त्यांच्यापैकी एकाच्या नावाचा एक शिक्का, १८४७ पासून दोघांच्या नावांचे दोन. १८५२-५३ मध्ये या दोघांच्या जोडीला तारखेचा तिसरा आला. त्यानंतर नावं गेली आणि 'आराटामे', म्हणजे 'तपासले', असा शिक्का अधिक तारीख, ही पद्धत १८५७ पर्यंत. १८५८ मध्ये नुसती तारीख. १८५९ पासून तारीख आणि 'आराटामे' एकाच गोलात, ते १८७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत. १८७५ नंतर शिक्के संपले आणि समासात प्रकाशकाचं नाव, पत्ता, तारीख छापणं सुरू झालं.

एवढी यादी फोनमध्ये ठेवली तरी निम्म्या चुका टळतात. माझ्या कागदावर दोन नावांचे दोन गोल शिक्के आणि शेजारी तारखेचा तिसरा होता. १८२५ मध्ये गेलेल्या माणसाच्या चित्रावर १८५२ ची परवानगी कशी असेल? हा प्रश्न मला दोन वर्षं पडला नाही, कारण मी शिक्क्यांना नक्षी समजत होतो.

तारखेच्या शिक्क्यात आकडा नसतो, प्राणी असतो. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढा, माकड, कोंबडा, कुत्रा, रानडुक्कर, आणि मग पुन्हा उंदीर. १८५२ हे उंदराचं वर्ष, आणि १८६४ हेही उंदराचंच. दोघांतलं कोणतं ते वरच्या शिक्क्यांच्या पद्धतीवरून ठरतं: नानुशींची नावं सोबत असतील तर १८५२, एकाच गोलात 'आराटामे' असेल तर १८६४. प्राण्याशेजारी महिन्याचा आकडा येतो. इथे मराठी माणसाला एक फायदा आहे. महिने चांद्र होते आणि त्यांनाही अधिक मास लागायचा. १८५२ मध्ये दुसरा महिना अधिक आला होता. माझ्या शिक्क्यात 'दोन'च्या डोक्यावर एक जादा अक्षर होतं, ते 'उरू', म्हणजे अधिक. एका जपानी स्नेह्यानं ते समजावून सांगायला बराच वेळ घेतला आणि मी एका शब्दात म्हटलं, "धोंड्याचा महिना." त्याला काही कळलं नाही, मला सगळं कळलं.

यातच आणखी एक पोटचूक आहे. 'पाचवा महिना' दिसला की विक्रीच्या यादीत लोक बिनदिक्कत 'मे' लिहितात. जपाननं सध्याचं कॅलेंडर १८७३ च्या जानेवारीपासून घेतलं. त्याआधीचा पाचवा महिना मेमध्येच येईल असं नाही.

आणि शिक्का मुळीच नसेल तर? लगेच 'नकली' म्हणू नका. ओसाकाची नटचित्रं वेगळ्या वळणाची आहेत. तिथल्या चित्रकारांनी नटांखेरीज दुसरं फारसं काही काढलंच नाही, आणि एदोचे परवानगीचे शिक्के त्यांच्या कागदांवर सहसा नसतात. होकुशू, हिरोसादा ही नावं दिसली तर वरची यादी बाजूला ठेवा. हिरोसादाचे कागद आकारानंही लहान असतात, एदोच्या नेहमीच्या कागदाच्या जवळपास निम्मे.

"ही बाई कोण?"

बाई नाही. काबुकीची सुरुवात सतराव्या शतकाच्या आरंभी ओकुनी नावाच्या एका स्त्रीनं केली, पण १६२९ मध्ये सरकारनं बायकांना रंगमंचावर बंदी घातली. मग कोवळी मुलं स्त्रीभूमिका करू लागली, तर १६५२ मध्ये त्यांच्यावरही गदा आली. पुढे परवानगी मिळाली ती कपाळावरची झुलपं भादरण्याच्या अटीवर. बोडकं कपाळ झाकायला नटांनी त्यावर कापडाची घडी बांधली. जांभळ्या रेशमाची ती घडी हळूहळू ओन्नागाताची, म्हणजे स्त्रीपार्टी नटाची, ओळख होऊन बसली.

चित्रात कपाळाच्या वर, केसांच्या पुढच्या कडेला जांभळा तुकडा दिसला तर तो नट. इथे डोळा फसतो तो रंगामुळे. जुन्या कागदांवरचा जांभळा बहुधा निळ्या-लालाच्या मिश्रणातून केलेला असे, आणि उजेडात तो उडून राखाडी किंवा मळकट बदामी होतो. मी त्या राखाडी तुकड्याला केसांतला कंगवा समजलो होतो. बालगंधर्वांचे स्त्रीवेषातले फोटो ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पाहिले गेले, त्या घरातल्या माणसानं ही चूक करावी, याची मला अजून लाज वाटते.

मात्र कापड नाही म्हणून ती बाईच, हा उलटा निष्कर्षही काढू नका. प्रत्येक विगला ते लागत नाही. शिवाय कुनिसादासारखे चित्रकार खऱ्याखुऱ्या सुंदरींचीही चित्रं काढत. शेजारच्या छोट्या चौकटीत भूमिकेचं नाव आहे का ते पाहा, आणि जबड्याकडे नीट बघा. नाजूक साडेतीन बोटांच्या हनुवटीवर एखादं भरभक्कम नाक बसलेलं दिसलं की उलगडा होतो.

कडेला तुटलेली छत्री

माझ्या कागदाच्या उजव्या कडेला एका छत्रीचं टोक आत आलंय. छत्री कुणाची ते दिसत नाही. मी याला चित्रकाराची धाडसी रचना म्हणत होतो. आधुनिक वगैरे. प्रत्यक्षात तो तीन कागदांच्या संचातला डावीकडचा कागद होता आणि छत्री मधल्या कागदावरच्या नटाच्या हातात होती.

एदोत नेहमीचा कागद ओबान, साधारण ३९ बाय २६ सेंटीमीटर. मोठा प्रसंग दाखवायचा तर दोन, तीन, कधी पाच कागद शेजारी-शेजारी लावायचे. प्रत्येक कागदावर वेगळा नट, म्हणून रसिक आपल्या लाडक्याचा तेवढाच कागद घेई. पुढे संच फुटले, वाटण्या झाल्या, कुणी एकच फ्रेम केला. अठराव्या शतकातल्या कात्सुकावा शुन्शोच्या उभ्या अरुंद कागदांचंही तेच झालं, सुटे सुटे उरले.

शंका कधी घ्यावी? माणूस कागदाबाहेर कुणाकडे तरी रोखून बघत असेल, जमिनीची रेघ किंवा झाडाची फांदी कडेला अचानक तुटत असेल, तलवारीचं टोक नसेल, तर. आणि संच लावताना उजवीकडून डावीकडे लावा. मी एकदा एका ओळखीच्या घरी तीन कागद उलट्या क्रमानं फ्रेम केलेले पाहिलेत. खलनायक आणि नायक एकमेकांकडे पाठ करून डोळे वटारत होते.

संचाचे बाकीचे भाग शोधायला वासेदा विद्यापीठाच्या त्सुबोउची स्मृती नाट्यसंग्रहालयाचा डेटाबेस आहे. संग्रहालय १९२८ चं. त्यांच्याकडे चाळीस हजारांहून जास्त नटचित्रं आहेत आणि ती घरबसल्या फुकट बघता येतात. नट, भूमिका, वर्ष, काहीही टाकून शोधा. माझ्या छत्रीचा मालक तिथेच सापडला, आठवा दानजुरो. आणि माझी 'बाई' निघाली बांदो शूका, त्या काळातला गाजलेला ओन्नागाता. मी चेहऱ्यावरून त्याला इवाई घराण्यात टाकून मोकळा झालो होतो.

दानजुरो कितवा, आणि फुलपाखरू कुणाचं

'इचिकावा दानजुरो' हे पिढीजात नाव दिसलं की शोध संपला असं वाटतं. तिथून तो सुरू होतो. पहिला दानजुरो १७०४ मध्ये रंगमंचावरच भोसकला गेला, आणि तेरावा २०२२ मध्ये गादीवर बसला. आकडा कागदावर सहसा नसतो. त्याहून वैताग म्हणजे एकच माणूस हयातीत नावं बदलतो. सातव्या दानजुरोनं १८३२ मध्ये नाव मुलाला दिलं आणि स्वतः पाचवा एबिझो झाला. म्हणजे १८३० चा दानजुरो हा बाप आणि १८४० चा दानजुरो हा मुलगा. थोरले माधवराव आणि सवाई माधवराव यांच्यात ज्यांचा गोंधळ होतो, त्यांनी इथे कागद-पेन्सिल घेऊनच बसावं. आधी वर्ष ठरवा, मग आकडा. उलट केलंत की चुकलात.

घराण्याची खूण, मोन, कामाला येते. दानजुरोची एकात एक बसलेली तीन चौकोनी मापं, बांदो मित्सुगोरोची तीन 'मोठा' अक्षरं, सेगावा किकुनोजोची बांधलेल्या कापसाची जुडी, सावामुरा सोजुरोची वर्तुळातला 'इ'. बाही आणि छाती बघा. पण कपड्यावरची प्रत्येक आकृती नटाची नसते, काही भूमिकेच्या असतात. सोगा भावांच्या सूडकथेत धाकट्या गोरोच्या कपड्यांवर फुलपाखरं आणि थोरल्या जुरोच्या कपड्यांवर चिदोरी पक्षी असतात, नट कुणीही असो. फुलपाखराचं घराणं शोधत एकानं माझे तीन दिवस खाल्ले होते.

नावच नाही, म्हणजे नट नाही?

१८४२ मध्ये तेन्पो सुधारणांच्या नावाखाली सरकारनं नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी घातली. नाट्यगृहं शहराबाहेरच्या बाजूला असाकुसात हलवली. सातवा दानजुरो, म्हणजे तेव्हाचा एबिझो, याला उधळपट्टीच्या आरोपावरून एदोतून हद्दपार केलं. पण लोकांना नट हवेच होते. चित्रकारांनी मग नटाचं नाव गाळलं आणि चेहरा ठेवला. इतिहासातला योद्धा, जुन्या कवितेतली नायिका, प्रवासातलं एखादं गाव, असा काहीतरी सोज्वळ मथळा वर, आणि खाली ओळखीचं नाक. कुनियोशी या चित्रकारानं तर १८४० च्या दशकाच्या अखेरीस भिंतीवर खिळ्यानं ओरखडावं तशी नटांची व्यंगचित्रं काढली. हे काय चित्र आहे, मुलांनी भिंत खराब केलीय, असा साळसूदपणा.

म्हणून १८४० आणि १८५० च्या दशकांतल्या कागदावर नुसतं भूमिकेचं नाव असेल तर 'हा इतिहासातला अमुक सरदार' अशी पाटी लावू नका. तो बहुधा त्या सरदाराच्या वेषातला नट आहे. चेहरे ओळखायची सवय हळूहळू लागते. पाचव्या मात्सुमोतो कोशिरोचं नाक इतकं मोठं की त्याचं टोपणनावच त्यावरून पडलं होतं. पाचव्या इवाई हान्शिरोच्या डोळ्यांची किंमत रसिकांनी हजार रियो, म्हणजे हजार सोन्याची नाणी, ठरवली होती.

याचीच दुसरी बाजू म्हणजे चित्र आहे म्हणून प्रयोग झालाच असेल असं धरून चालणं. प्रकाशक प्रयोगाआधीच कागद बाजारात आणायला धडपडत, आणि ऐनवेळी नट बदलला तर काही वेळा ठोकळ्यातलं डोकं खणून काढून नवं बसवत. काही संच तर निव्वळ मनोराज्य. कुनिसादानं १८५२ मध्ये एदो ते क्योतो जाणाऱ्या तोकाइदो रस्त्याच्या मुक्कामांवर नट उभे करून मोठी मालिका केली, तीत प्रत्येक भूमिका त्या नटानं केलेली होतीच असं नाही. काही नट तर केव्हाच वारलेले होते. नाटकाच्या इतिहासाचा पुरावा म्हणून असा कागद वापरायचा तर जाहिराती आणि नोंदींशी ताडून घ्यावा लागतो.

एक वेगळा प्रकार नेहमी फसवतो. फिकट निळ्या पोशाखातला, हातात जपमाळ घेतलेला शांत नट. एका मैत्रिणीनं असा कागद लग्नातल्या भेटीसाठी निवडला होता, "रंग किती सात्त्विक आहे बघ" म्हणून. तो शिनि-ए होता, नट गेल्यावर छापलेलं श्रद्धांजलीचं चित्र. बाजूला मरणाची तारीख, वय, मरणोत्तर नाव, देवळाचं नाव. आठव्या दानजुरोनं १८५४ मध्ये ओसाकात आत्महत्या केली तेव्हा अशा कागदांचा पूर आला, आणि सगळे इतक्या घाईत की त्यांतले तपशील एकमेकांशी जुळत नाहीत. अशा कागदांवर सही किंवा शिक्का नसणं नेहमीचंच. भेट शेवटी दुसरी दिली.

मोठा चेहरा दिसला की शाराकु

नको. शाराकु या चित्रकारानं १७९४ च्या पाचव्या महिन्यापासून जेमतेम दहा महिने काम केलं, एकशे चाळीसच्या वर चित्रं काढली आणि तो गायब झाला. प्रकाशक त्सुताया जुझाबुरो. पहिल्या खेपेची २८ चित्रं छातीपर्यंतच्या मोठ्या चेहऱ्यांची, मागे गडद अभ्रकाची पूड. ती जगप्रसिद्ध झाली, म्हणून मोठा चेहरा म्हणजे शाराकु असं समीकरण झालं. तसे चेहरे तोयोकुनी, कुनिमासा, पुढे कुनिसादा, सगळ्यांनी काढले.

त्याच्या सगळ्यात गाजलेल्या चित्राला लोक सर्रास 'समुराई' म्हणतात. तो तिसरा ओतानी ओनिजी आहे, एदोबेई नावाच्या नोकराच्या भूमिकेत. दुसऱ्याचे पैसे लुटायला निघालेला भाडोत्री गुंड. छातीतून फुटल्यासारखे ते दोन बारके हात बघा, बोटं फाकलेली, मनगटांचा पत्ता नाही. तो ज्याच्यावर धावतोय तो इप्पेई वेगळ्या कागदावर आहे. पुन्हा जोडीतला एक!

आणि शाराकु कोण, हे गूढ म्हणून रंगवून सांगण्याची हौस आवरा. १८४४ मध्ये साइतो गेश्शिननं नोंदवलंय की तो आवा प्रांताच्या सरदाराकडचा साइतो जुरोबेई होता, नोह या जुन्या मुखवटानाट्याचा नट. आज बहुतेक अभ्यासक तेच धरून चालतात.

हातानं छापलंय, म्हणजे जुनं?

ही चूक महागात पडते. आधी प्रक्रिया बघा. चित्रकार पातळ कागदावर रेखाटतो. कोरणारा तो कागद चेरीच्या लाकडावर उलटा चिकटवून त्यावरूनच कोरतो, त्यात रेखाटन संपतं. मग प्रत्येक रंगाला एक ठोकळा, आणि छापणारा बांबूच्या सालीनं मढवलेल्या बारेन नावाच्या चकतीनं कागद मागून घासतो. यंत्र कुठेच नाही. त्यामुळे "याचं मूळ पेंटिंग कुठल्या म्युझियममध्ये आहे?" या प्रश्नाला उत्तर नाही. आणि सही एकाची असली तरी हात तिघांचे. १८६० च्या दशकातल्या काही कागदांवर कोरणाऱ्याची, 'होरी ताके'ची, खूण सापडते. कानशिलाजवळचे केस किती बारीक सोडलेत ते भिंगातून बघितलं की त्याचं नाव का छापलं ते कळतं.

आता अडचण अशी की विसाव्या शतकात याच पद्धतीनं, नवे ठोकळे कोरून, जुन्या चित्रांच्या उत्तम प्रती छापल्या गेल्या. शाराकुच्या तर भरपूर. मागे बारेनचे घासे दिसतात, रंग कागदात मुरलेला असतो, सगळं खरं असतं. फक्त १७९४ चं नसतं. म्हणून तपासणी दोन टप्प्यांत करा. दहा पटीच्या भिंगातून काळी रेघ आणि सपाट रंग बघा. एकसारखे ठिपके दिसले तर ते ऑफसेट पोस्टर आहे, विषय संपला. ठिपके नसतील तर संग्रहालयातल्या प्रतीचा मोठा फोटो उघडून रेघ रेघेशी ताडा. एकाच ठोकळ्याच्या दोन प्रतींत रेघेतला तडा त्याच जागी असतो. नव्यानं कोरलेल्या ठोकळ्यात पापणीचं टोक, बोटाचं वळण केसभर तरी हलतंच.

याच्या उलट, १९२० च्या दशकातले कागद 'नवे' म्हणून हिणवू नका. नातोरी शुन्सेननं १९२५ ते १९२९ मध्ये वातानाबे शोझाबुरो या प्रकाशकासाठी ३६ नटांचे चेहरे केले. त्या प्रती नाहीत, स्वतंत्र काम आहे.

घेताना अजून एक करा. कागद तिरका धरा. नटाच्या काळ्या झग्यावर सरळ बघितलं तर नुसता काळा दिसतो, पण खिडकीकडे कलता केला की काळ्यात काळी, घोटून चमकवलेली नक्षी वर येते. छातीचं मोन, कापडाची वीण, सगळं. माझ्या कागदावर हे मला सापडलं ते झुरळ मारायला टॉर्च हातात असताना. फोटोत आणि स्कॅनमध्ये हे मुळीच येत नाही, म्हणून नुसत्या फोटोवरून पैसे देताना विक्रेत्याकडून तिरप्या उजेडातला एक फोटो मागून घ्या.

रंग, फ्रेम, पावसाळा

'रंग फिके, म्हणजे खूप जुनं' आणि 'रंग भडक, म्हणजे नकली', दोन्ही खोटं. अठराव्या शतकातला निळा आपल्या केन्याच्या जातीतल्या एका रानफुलाच्या रसाचा, ओलावा आणि उजेड लागताच जाणारा. करडईचा लालही तसाच हळवा. १८३० च्या आसपास प्रशियन निळा सर्रास आला, तो टिकला. १८६० नंतर परदेशी कृत्रिम रंग आले, त्यामुळे कुनिचिकासारख्यांच्या मेइजी काळातल्या, म्हणजे १८६८ नंतरच्या, नटचित्रांचा लाल आणि जांभळा आजही डोळ्यांत घुसतो. तो भडक आहे आणि अस्सल आहे. न उडालेला जुना रंग कसा असतो ते बघायचं तर बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातला स्पॉल्डिंग संग्रह बघा, अर्थात पडद्यावरच. दोघा भावांनी १९२१ मध्ये सुमारे साडेसहा हजार कागद दिले, ते कधीही प्रदर्शनात लावायचे नाहीत या अटीवर.

तेव्हा दिवाणखान्यात, खिडकीसमोर, दिव्याखाली लावू नका. अतिनील किरण अडवणारी काच थोडी मदत करते, उडणं थांबवत नाही. संग्रहालयं ५० लक्सच्या आसपास ठेवतात आणि काही आठवड्यांनी कागद पुन्हा अंधारात पाठवतात.

फ्रेमवाल्याला तोंडी सांगून भागत नाही, समोर उभं राहा. माझ्या एका कागदाचा समास चौकटीत बसेना म्हणून फ्रेमवाल्यानं कापून टाकला, आणि मागून पांढऱ्या गोंदानं पुठ्ठ्याला पक्का चिकटवला. कापलेल्या समासातच प्रकाशकाचं नाव होतं. सेलोटेप, गोंद, लॅमिनेशन, तिन्ही नको. कागद आम्लरहित बोर्डावर जपानी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्यांनी, गव्हाच्या सत्त्वाच्या खळीनं, वरच्या बाजूला नुसता टांगायचा, आणि काच कागदाला टेकू द्यायची नाही. सुरकुती दिसली म्हणून इस्त्री फिरवू नका. रंगाशिवाय दाबून उठवलेली नक्षी असेल तर ती सपाट होते, आणि पुन्हा येत नाही.

मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर भिंतीवरची फ्रेम उतरवून ठेवा. बाहेरच्या भिंतीला ओल धरते, काचेच्या आत वाफ साचते आणि तपकिरी ठिपके पडतात. कसर हाही मोठा शत्रू आहे, तिला जपानी कागदातली खळ फार आवडते. जुन्या अल्बममधून सुटलेल्या कागदाच्या कडेला शिलाईची भोकं असतात ती वेगळी, आणि वेडीवाकडी बोगद्यासारखी भोकं म्हणजे किड्याची. बोगदा ताजा वाटला, खाली भुसा सांडत असला, तर तो कागद बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळा करा.

बांदो शूका आता आम्लरहित पेटीत, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये असतो. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की त्याला बाहेर काढतो, मागून-पुढून बघतो, उजव्या कडेची छत्री अजून तिथेच आहे ना ते बघतो आणि परत ठेवतो. मधला कागद गेल्या वर्षी एका लिलावात आला होता. तो कुणीतरी एकटाच घेऊन गेलं.